खांदा दुखतोय? गोळी बंद करण्याआधी काम तपासा

पन्नाशीच्या कामगाराला कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होते. काही आठवड्यांत खांदे, मांड्या दुखू लागतात आणि दोष गोळीला देऊन तो ती परस्पर बंद करतो. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यातील वयस्कर कामगारांनी हा निर्णय घाईने घेऊ नये. दुखण्याचे मूळ असेंब्ली लाइनवरही असू शकते.

स्टॅटिन गटातील या गोळ्या यकृतात तयार होणारे कोलेस्टेरॉल कमी करतात. त्यामुळे रक्तातील एलडीएल उतरते आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा धोका घटतो. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात, हे खरे. पण ‘द लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, स्टॅटिन घेणाऱ्या २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या. औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २६.६ टक्के होते. म्हणजे बहुतेकांच्या दुखण्याचे कारण वेगळेच होते.

कारखान्यात अशी कारणे भरपूर असतात. हात खांद्यावर उचलून बोल्ट आवळणे, कमरेत वळून जड जॉब उचलणे, आठ तास एका जागी उभे राहणे. वयानुसार स्नायूंची झीज भरून यायलाही वेळ लागतो.

फरक कसा ओळखावा? कामाचे दुखणे बहुधा एका बाजूला, ठरावीक हालचालीला होते आणि गुरुवारच्या सुट्टीत कमी होते. स्टॅटिनचे दुखणे सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या किंवा दंडांत असते आणि सुट्टीतही राहते. अर्थात निदान डॉक्टरांनीच करावे. त्यांना कामाचे स्वरूप जरूर सांगावे. स्नायूंसाठी केली जाणारी सीके ही रक्ततपासणी जड अंगमेहनतीनेही वाढलेली दिसते. लघवी गडद तपकिरी झाली किंवा खूप अशक्तपणा आला, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठावे.

कारखान्यातील उपाय साधे आहेत. कामाची उंची कोपराच्या आसपास ठेवावी, जड जॉबसाठी ट्रॉली किंवा होइस्ट वापरावा, उभ्याने काम असेल तेथे पायाखाली रबरी मॅट टाकावी, कामाची अदलाबदल करावी. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय हवी, हे १९४८च्या कारखाने कायद्यातील कलम ४४ मध्येच सांगितले होते.

वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, खांदा दुखतो. म्हणून खांद्यासाठी गोळी सोडणे महागात पडू शकते.