घरटी एक दाखला

माकणीचे नाव निघाले की मला दोन गोष्टी आठवतात : तेरणेवरचे धरण आणि 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. धरणात परिसरातल्या जमिनी गेल्या. भूकंपाने शेजारच्या सास्तूरसारखी गावे भुईसपाट केली. दोन्ही नुकसानींचा थोडा मोबदला सरकारने नोकरीच्या अर्जात ठेवला. गट ‘क’ आणि ‘ड’च्या भरतीत प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के व भूकंपग्रस्तांना 2 टक्के समांतर आरक्षण मिळते.

मात्र त्याचा लाभ कुटुंबातल्या एकालाच, तोही बाकीच्यांच्या संमतीने. जमिनीची वाटणी होते, दाखल्याची होत नाही. थोरला शेतात राबलेला, धाकटा शिकलेला. नाव कोणाचे घालायचे? बहिणीचा विचार तरी होतो का?

बरे, दाखला म्हणजे नोकरी नव्हे. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. सरळ हिशेबाने प्रकल्पग्रस्तांच्या वाट्याला राज्यभरात सुमारे 232 जागा, भूकंपग्रस्तांच्या 93. परीक्षा आणि शुल्क कोणालाच चुकत नाही. वयाची अट 45 वर्षांपर्यंत शिथिल आहे खरी. पण तितकीच वाट पाहणेही लांबते.

हे आरक्षण असावेच, असे माझे मत आहे. पण ज्या रानावर चार भावंडे जगली असती, त्याच्या बदल्यात एकाला परीक्षेला बसण्याची थोडी सोय मिळाली. उरलेल्या तिघांना पाणी आणि गावाजवळ काम मिळेल, तेव्हाच पुनर्वसन पुरे झाले म्हणता येईल.