सिएटलची नळी आणि सात जणांची समिती

मागच्या व्याख्यानात आपण वाटपाच्या न्यायाविषयी बोललो. वस्तू थोडी आणि मागणारे फार असले, तर कुणाला द्यायची आणि कोणत्या कारणाने? ते बोलणं हवेतलं वाटलं, असं काही श्रोत्यांनी कळवलं. म्हणून आज आपण एका नळीपासून सुरुवात करू.

डायलिसिस आता आपल्याकडे तालुक्याच्या गावीही ठाऊक झालेला शब्द आहे. त्याचं व्यवहारात चालेल असं पहिलं यंत्र उपयोगात आणलं ते विलेम कोल्फ यांनी, १९४३ मध्ये, नेदरलँड्समधल्या कांपेन गावी. देश जर्मनांच्या ताब्यात होता. सॉसेज भरायच्या सेलोफेनची नळी त्यांनी एका पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारांच्या पाण्यात फिरत ठेवलं. रोग्याचं रक्त त्या नळीतून फिरे. सेलोफेनची छिद्रं इतकी बारीक, की युरियासारखी घाण पाण्यात उतरते आणि रक्तपेशी आतच राहतात. तत्त्व एवढंच, आणि ते आजही बदललेलं नाही.

मग अडत कुठे होतं? तर रक्त बाहेर काढण्यात. दर वेळी धमनी आणि शीर कापून उघडायची, नळ्या घालायच्या आणि काम झालं की त्या रक्तवाहिन्या बांधून टाकायच्या. हात-पाय मिळून अशा जागा असणार किती? काही वेळा केल्यावर त्या संपतच. त्यामुळे ज्याचं मूत्रपिंड तात्पुरतं बंद पडलंय आणि पुन्हा चालू होणार आहे, त्यालाच या यंत्राचा उपयोग. ज्याचं कायमचं गेलं, त्याला डॉक्टर यंत्र समोर असूनही लावत नसत. आठवडाभर जगवून पुढे काय करणार?

हे कोडं सुटलं सिएटलमध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात. (हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे, पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य.) बेल्डिंग स्क्रिबनर तिथले प्राध्यापक. त्यांची कल्पना अशी, की नळ्या काढायच्याच नाहीत. एक धमनीत, एक शिरेत, दोन्ही मनगटाजवळ कातडीबाहेर आणलेल्या. डायलिसिस नसेल तेव्हा त्यांची तोंडं एका वाकड्या नळीने जोडून टाकायची. रक्त धमनीतून शिरेत वाहत राहतं आणि वाहतं रक्त सहसा गोठत नाही. नळी टेफ्लॉनची, कारण त्याला काही चिकटत नाही. तव्यावरून आपल्याला ते ठाऊक आहेच.

ती घडवली वेन क्विंटन यांनी, विद्यापीठातल्या उपकरणांच्या कार्यशाळेत. हे नाव मुद्दाम सांगतो, कारण अशी माणसं गौरवाच्या यादीत मागे पडतात. हृदयरोग्यांच्या तपासणीसाठी चालता पट्टाही त्यांनीच बांधला होता. तुमच्यापैकी अनेकांनी 'स्ट्रेस टेस्ट' केली असेल. दर तीन मिनिटांनी पट्टा वेगाने चालतो आणि चढ वाढतो, ती 'ब्रूस' पद्धत याच विद्यापीठातल्या रॉबर्ट ब्रूस यांची.

९ मार्च १९६० रोजी क्लाइड शील्ड्स या रोग्याच्या हातात ही नळी बसवली. तो पुढे ११ वर्षं जगला. कायमचं मूत्रपिंड गेलेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो, हे तेव्हा सिद्ध झालं.

आणि इथूनच आमचा विषय सुरू होतो. १९६२ मध्ये सिएटलला स्वतंत्र केंद्र निघालं, पण खाटा मोजक्या. खर्च एका माणसामागे वर्षाला हजारो डॉलर. आणि हा उपचार एकदा सुरू केला की थांबवता येत नाही. थांबवणं म्हणजे मरणच. तेव्हा निवड आधीच करायला हवी. पहिली चाळणी डॉक्टरांची. त्यात वयाची अट होतीच, शिवाय माणूस वॉशिंग्टन राज्याचाच रहिवासी हवा. त्यातून उरलेले रोगी एका समितीपुढे जायचे. तिच्यात सात जण, नावं गुप्त: वकील, पाद्री, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक शल्यचिकित्सक. ते काय बघत? लग्न झालंय का, मुलं किती, मिळकत काय, शिक्षण, नोकरी, स्वभाव, पुढे हातून काय होईल. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि देशभर वादळ उठलं.

टीकाकारांचं म्हणणं सरळ होतं: या सात जणांनी आपल्यासारखीच माणसं निवडली. संसारी, कमावती, चर्चला जाणारी. दोन टीकाकारांनी तर लिहिलं, की थोरोसारख्या एकांड्या माणसाची मूत्रपिंडं बिघडली, तर त्याची इथे डाळ शिजणार नाही. आता बघा, आमच्या संतमंडळींपैकी किती जण या समितीत पास झाले असते? तुकोबांचं दुकान बुडालेलं. मिळकतीच्या रकान्यात काय लिहिणार?

तत्त्वज्ञ या वादात पडले. निकोलस रेशर यांनी १९६९ मध्ये लिहिलं, की समाजाला होणारा उपयोग पाहणं योग्यच आहे आणि जवळजवळ सारखे ठरणाऱ्यांत शेवटी चिठ्ठ्या टाकाव्यात. जेम्स चिल्ड्रेस यांनी १९७० मध्ये उलट बाजू घेतली: वैद्यकीय निकष लावून झाल्यावर माणसाची किंमत करूच नये, चिठ्ठ्या टाका किंवा रांग लावा. आम्ही चिल्ड्रेस यांच्या बाजूचे. कारण 'उपयोग' मोजणारा तराजू नेहमी मोजणाऱ्याच्या घरचा असतो. पण समितीची एक गोष्ट आम्हाला मान्य करावी लागते. निवड होते आहे, हे तिने लपवलं नाही. जिथे समिती नसते तिथेही निवड होतच असते. ती खिसा करतो, ओळख करते, किंवा गावापासून इस्पितळाचं अंतर करतं. त्याला जाब कोण विचारणार?

अमेरिकेत हा प्रश्न पैशाने मिटवला. नोव्हेंबर १९७१ मध्ये संसदेच्या समितीपुढे एका रोग्याचं डायलिसिस करून दाखवलं गेलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि बहुतेक सगळ्यांचा खर्च सरकारने उचलला. ती बाहेरची नळीही फार काळ टिकली नाही. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी कातडीखालीच धमनी शिरेला जोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आज आपल्याकडे 'फिस्टुला' म्हणतात ती हीच.

यंत्रं वाढवता आली, मूत्रपिंडं येत नाहीत. मृत दात्याचं मूत्रपिंड आलं की प्रतीक्षायादी उघडते, आणि सिएटलचे प्रश्न पुन्हा समोर: वय बघायचं का, राज्याचा रहिवासी असण्याची अट घालायची का? आपल्याकडे ६५ वर्षांवरच्यांना मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवता येत नसे आणि अनेक राज्यं अधिवासाचा दाखला मागत. केंद्र सरकारने या दोन्ही अटी काढल्या, त्या २०२३ मध्ये. क्रम कशाने लावायचा, हा वाद मात्र चालू आहे. त्यावर तुमच्याकडून ऐकायला आवडेल. आता प्रश्न घेऊ.