निद्रेतील श्वास आणि मास्कची निवड

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. घोरणाऱ्याच्या खोलीत झोपावयाचे टाळावे, यापलीकडे त्याचा फारसा विचार कोणी करीत नाही. परंतु घोरता घोरता ज्याचा आवाज एकाएकी थांबतो, दहा-वीस सेकंद सर्व निःशब्द होते आणि मग धाप लागावी तसा श्वास पुन्हा सुरू होतो, त्याच्या बाबतीत ही थट्टा राहत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तातील प्राणवायू उतरतो, आणि मेंदू दचकून त्या माणसाला अर्धवट जागे करतो. विकार तीव्र असला म्हणजे हे एका रात्रीत शेकडो वेळा घडते. सकाळी त्या गृहस्थांना त्यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी जागी राहिलेल्या पत्नीला. दिवसाची पेंग, वाढता रक्तदाब, मोटार चालविताना लागणारी डुलकी ही सारी याच विकाराची फळे होत.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली यावरील एक साधा उपाय प्रसिद्ध केला. नाकावाटे हवेचा सौम्य दाब सतत देत राहावयाचा, म्हणजे मिटणारी वाट आतून उघडी राहते. ‘सीपॅप’ या नावाने आता घरोघरी पोचलेले यंत्र ते हेच. त्याचा दाब सामान्यतः पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो, आणि तो किती ठेवावा हे निद्रेची तपासणी करून डॉक्टर ठरवितात. रुग्णाने स्वतः ठरवावयाचे असे जे उरते, ते म्हणजे मास्क.

आणि नेमकी तेथेच हेळसांड होते. यंत्र घेताना लोक चार ठिकाणी चौकशी करतात. मास्क मात्र यंत्राबरोबर येईल तो पत्करतात. मग नाकाच्या कण्यावर वळ उठतो, हवा निसटून डोळ्यांवर येते, आणि महिन्याभरात ते महागडे यंत्र कपाटात जाऊन बसते. माझ्या मते ज्याला आपण ‘यंत्र सोसले नाही’ म्हणतो, त्याला पुष्कळदा मास्कच सोसलेला नसतो.

मास्क मुख्यतः तीन प्रकारचे. एक नाकावर बसणारा. दुसरा केवळ नाकपुड्यांशी टेकणाऱ्या दोन मऊ बोंडांचा. तिसरा नाक व तोंड दोन्ही झाकणारा. मोठा मास्क अधिक परिणामकारक असेल, असे सहज वाटते. पण वस्तुस्थिती बहुधा उलट असते. तोंडासह झाकणारा मास्क हनुवटीवर रेलून जबडा मागे लोटू शकतो, त्याची कड मोठी असल्याने हवा निसटावयास जागाही अधिक असते. म्हणून प्रारंभ नाकापासून करावा. तोंड उघडे पडत असेल, तर ते सवयीने की नाक चोंदल्यामुळे, हे आधी पाहावे. चोंदलेल्या नाकावर उपचार झाले म्हणजे पुष्कळांची मोठ्या मास्कमधून सुटका होते. बोंडांचा मास्क दाट मिशा असणाऱ्यांना आणि बंदिस्तपणाने घाबरणाऱ्यांना सोयीचा. मात्र दाब फार असेल तर नाकपुड्या हुळहुळतात.

मास्क बसतो की नाही, हे आरशासमोर उभे राहून कळत नाही. आडवे झाल्यावर गाल ओघळतात, चेहऱ्याची ठेवण बदलते. म्हणून यंत्र चालू करून, आपल्या नेहमीच्या कुशीवर निजून मगच पट्टे जुळवावेत. कवळी रात्री काढून ठेवणाऱ्यांनी मास्कही कवळी काढूनच बसवून पाहावा. हवा निसटू लागली की पट्टा आवळावा, ही प्रवृत्ती चुकीची. मास्कची मऊ गादी हवेने फुगून त्वचेला टेकते. आवळल्याने ती चुरगळते आणि गळती वाढते. तेव्हा आधी गादीचे माप बदलून पाहावे. रात्री चेहऱ्याला तेल वा क्रीम लावण्याची सवय असेल, तर तीही सोडावी, कारण सिलिकोन त्यावरून घसरते आणि लवकर खराब होते. गादी रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी.

मास्कवर जी बारीक छिद्रे असतात, ती दोष नव्हेत. उच्छ्वासाची हवा त्यांतूनच बाहेर जाते. काटकसरी आप्तांनी त्यांना चिकटपट्टी लावू नये. तोंड झाकणाऱ्या मास्कला याशिवाय एक झडप असते. वीज गेली की ती उघडून खोलीतील हवा आत घेते. आपल्याकडील विजेचा लहरीपणा पाहता ती मोकळी हलते ना, हे रोज पाहावे. ज्या रुग्णाला आपल्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला तो डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून लावू नये. वांती झाल्यास ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कड्या असतात. २०२२ सालापासून त्यांविषयी इशारे दिले गेले आहेत: रुग्णाच्या अथवा शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण असेल, तर असा मास्क घेऊ नये.

ज्यांचा जीव मास्कमध्ये घाबरा होतो, त्यांनी तो प्रथम दिवसा, जागेपणी लावावा. आधी नुसता हाताने धरून, मग पट्टे लावून, मग यंत्र चालू करून. अर्धा तास वाचीत किंवा रेडिओ ऐकत बसावे, आणि हे चार-आठ दिवस जमल्यावर मगच तो घेऊन रात्री अंथरुणावर पडावे.