उन्हाला दाराबाहेर थोपवणारी कचेरी

अहमदाबादच्या आश्रम रोडवरून मिल मालक संघाच्या इमारतीकडे पाहिलं, तर खिडक्या जवळपास दिसतच नाहीत. दिसतात त्या काँक्रीटच्या उभ्या, तिरक्या वळवलेल्या फळ्या. मागे साबरमतीच्या बाजूला मात्र अशाच फळ्या दर्शनी भागाशी काटकोनात आहेत. वास्तुविशारद ल कार्बूझिए यांच्या १९५४च्या या इमारतीचं मर्म या फरकात आहे.

अहमदाबाद कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला. ऐन उन्हाळ्यात बाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा साधा छज्जाही पुरतो. खरी पंचाईत चारनंतर होते. सूर्य खाली उतरतो आणि पश्चिमेचं ऊन छज्ज्याखालून सरळ टेबलापर्यंत पोचतं. त्याला उभा, तिरका आडोसाच लागतो. रस्ता पश्चिमेलाच असल्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजराही आपोआप अडतात. पूर्वेला नदी दिसायला हवी, वारा यायला हवा, म्हणून तिथल्या फळ्या सरळ. उत्तर-दक्षिणेच्या भिंती विटांच्या, जवळजवळ बंद.

पण मग जाड पडदे का नाही लावायचे? कारण ऊन काचेतून आत शिरलं की जमीन आणि सामान तापतं, आणि त्यांतून निघणारे अवरक्त किरण साध्या काचेला भेदून बाहेर जात नाहीत. पडदा काचेच्या आत असतो. तो तापला तरी उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेपर्यंत पोचूच न देणं केव्हाही बरं.

हे शहाणपण महागात पडून आलेलं होतं. १९३३ साली पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीच्या निवाऱ्याला कार्बूझिए यांनी दक्षिणेकडे न उघडणारी काचेची भिंत दिली. हवा थंड करणारी यंत्रणा पैशांअभावी बसलीच नाही आणि उन्हाळ्यात आतली माणसं उकडून निघाली. पुढे तिथेही बाहेरून आडोसे लावावे लागले.

काँक्रीटचा एक दोष उरतोच: दिवसभर शोषलेली उष्णता ते सूर्य मावळल्यावरही सोडत राहतं. राहतं घर असतं तर रात्र जड गेली असती. कचेरीला मात्र तोवर कुलूप लागलेलं असतं.