डिस्क पॅड बदललेत? आधी पेडल दाबा, मग गाडी हलवा

तायांनो, सुकी मासळी, पापड, कोकम बाजारात न्यायला काही गटांनी जुनी इको नाहीतर वॅगनआर घेतली आहे. या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. पेणहून येताना कार्ले खिंड उतरलात की जास्त भार पुढच्या ब्रेकवर येतो, म्हणून पुढचे पॅड आधी झिजतात. ब्रेक दाबल्यावर कर्कश आवाज येतो? पॅडचा घासणारा थर रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढा, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर उरलाय? मग पॅड बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदला.

जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, नट आधी सैल करा, मगच जॅक लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, खाली स्टँड हवाच. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. नळीवर लोंबकळत ठेवू नका. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आपल्याकडची खरी भानगड म्हणजे खारी हवा. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून अडकतात. मग आतला पॅड संपतो, बाहेरचा जाडच राहतो. पिना साफ न करता नवे पॅड घातले तर पैसे पाण्यात! पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. आणि पॅडला, डिस्कला तेलाचा हातही लागू देऊ नका.

नवा पॅड जाड असतो, म्हणून पिस्टन हळूहळू आत ढकलावा लागतो. तेव्हा ब्रेक ऑइल वर चढतं, डबीवर लक्ष ठेवा, ते रंगावर सांडलं तर रंग जातो.

इथेच मी चुकले होते. चाकं बसवली आणि खुशीत गाडी सुरू केली. आमच्या अंगणाचा उतार थेट विहिरीकडे जातो. ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली! पिस्टन आत गेलेला असतो, तो पेडल मारून मारून परत पॅडला टेकवावा लागतो, हे मी विसरले होते. हँडब्रेकने वाचले. आई अजून ऐकवते.

तेव्हा गाडी सुरू करण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. मग ऑइलची पातळी बघा, सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहा. पहिली एक-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, भरलेली गाडी खिंडीत नेऊ नका. पहिल्या वेळी गावातल्या मेकॅनिकदादांना शेजारी उभं करा, चहा पाजा, पण पाना तुमच्याच हातात ठेवा.