क्षमा आणि कारवाई

शाळेत दोन मुलं एकमेकांच्या अंगावर गेली की त्याला लगेच बुलिंग (बलवानाने दुबळ्याचा मुद्दाम, वारंवार केलेला छळ) म्हणतात, आणि खरा छळ मात्र ‘पोरांची मस्करी’ म्हणून सोडून देतात. नॉर्वेत संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी खुणा तीन सांगितल्या: हेतू, वारंवारता आणि बळातली तफावत. नळावर दोघी भांडल्या तर तो तंटा. रोज एकीचीच घागर मागे सारली तर छळ. मध्य प्रदेशातल्या बिरसा तहसिलीत हिंदी, मराठी, गोंडी अशा घरांतली मुलं एकत्र शिकतात. तिथे एखाद्याच्या बोलण्याची रोज नक्कल करणं या व्याख्येत नेमकं बसतं.

ख्रिस्ती शाळांत आणखी एक गैरसमज आढळतो. बायबलमधल्या मत्तयाच्या १८व्या अध्यायाप्रमाणे दोघांना समोरासमोर बसवून क्षमा मागायला लावली की झालं! पण ती रीत बरोबरीच्या भावांची, आणि एकट्याने भागलं नाही तर साक्षीदार न्यायला तीच सांगते. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, अशी कडक ताकीदही त्याच अध्यायात आहे. तिची आठवण सहसा कुणी काढत नाही.

म्हणून आधी दोघांचं वेगवेगळं ऐकावं, तारखेनिशी नोंद ठेवावी, पालकांना कळवावं. क्षमा छळ सोसलेल्या मुलाने सवडीने करावी. शाळेने दाद दिली नाही, तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.