स्पीकरच्या परीक्षेस कोणता ॲम्प्लिफायर?

ज्या करवीर नगरीत प्रभात कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढून मराठी चित्रपटाला वाणी दिली, तिच्याच उत्तरेस, पंचगंगेच्या काठी वसलेल्या कसबा बावड्यात आज अभियांत्रिकी महाविद्यालय नांदत आहे; आणि तेथील एखाद्या विद्यार्थ्याने स्वहस्ते स्पीकर बांधून त्याची शास्त्रशुद्ध मोजदाद करण्याचे मनात आणले, तर मायक्रोफोन आणि संगणक यांची तजवीज झाल्यावरही ॲम्प्लिफायर कोणता घ्यावा, हा प्रश्न उरतोच. पेठेत मागणी असते ती वॅटांना आणि गोड आवाजाला. मापनाला या दोहोंची फारशी गरज नाही, हे आग्रहाने सांगावयास हवे. गुजरीतल्या सराफाचा काटा सोन्याचा असावा लागत नाही. तो खरा असला म्हणजे झाले.

स्पीकरची संवेदनशीलता मोजताना त्यास २.८३ व्होल्ट देऊन एक मीटर अंतरावरील ध्वनिदाब नोंदण्याचा प्रघात आहे. ८ ओहमच्या स्पीकरात याचा अर्थ अवघा १ वॅट. मोठ्या आवाजातील विकृती तपासण्यासाठी २० व्होल्टपर्यंत चढावे लागले, तरी ५० वॅट पुरतात.

खरी पारख करावयाची ती ॲम्प्लिफायरच्या अंतर्गत रोधाची. स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले ‘८ ओहम’ केवळ नाममात्र असतात. प्रत्यक्षात कंप्रता बदलते तसा स्पीकरचा रोध कोठे ६ ओहमपर्यंत उतरतो, तर अनुस्पंदनापाशी ४० ओहमपर्यंतही चढतो. अशा स्पीकरच्या वाटेत ॲम्प्लिफायरचा स्वतःचा १ ओहम आला, तर आलेखात सुमारे १.१ डेसिबलचा खोटा उंचवटा उमटतो, आणि तो स्पीकरचाच गुणधर्म समजून विद्यार्थी बिचारा पेटीची रचना बदलू लागतो. तोच रोध ०.०५ ओहम असेल, तर चूक ०.०६ डेसिबलवर येते. काही स्वस्त डी-वर्गीय ॲम्प्लिफायरांत शेवटच्या गाळणीमुळे उच्च कंप्रतांचा प्रतिसादही जोडलेल्या स्पीकरप्रमाणे पालटतो, हे ध्यानात ठेवावे.

विकृतीच्या बाबतीत मात्र फार चिंता नको. स्पीकरची स्वतःची विकृती बहुधा टक्क्याच्या दशांशात असते. एलएम३८८६ या जुन्या चिपच्या तपशीलपत्रकात ४ ओहमवर ६० वॅटला ती ०.०३ टक्के दिली आहे. या चिपवर नीट बांधलेला साधा ॲम्प्लिफायर या कामास सर्वथा लायक ठरतो, अशी माझी शिफारस आहे.

एका धोक्याविषयी मात्र हयगय करू नये. ब्रिज पद्धतीच्या ॲम्प्लिफायरात स्पीकरच्या दोन्ही अग्रांवर संकेत असतो, त्यांपैकी एकही अग्र भूमीशी जोडलेले नसते. तेथे साउंड कार्डाची किंवा ऑसिलोस्कोपची भूमीची तार लावली, तर शॉर्ट सर्किट होऊन यंत्र जळू शकते. म्हणून नवशिक्याने ऋण अग्र भूमीशी जोडलेलाच ॲम्प्लिफायर घ्यावा, टोन व लाउडनेस बंद ठेवावेत, स्पीकर जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दिष्ट व्होल्टता तपासावी, आणि वाचलेला पैसा प्रमाणित मायक्रोफोनावर खर्चावा.